गुण किती आणि गुण कोणते?

मराठी भाषेतील ‘गुण’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. परीक्षेत मिळतात तेही गुण, मैदानावर मिळवायचे तेही गुण आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुणच. शब्द एक असल्यामुळे गोष्टही एकच आहे असा समज करून घेणे फार सोपे जाते. निकालाच्या दिवशी आपल्या पांढुर्णा आणि सौंसर भागांतील घराघरांत काय घडते ते वाचकांना ठाऊकच आहे. थोरल्याचा आकडा धाकट्यापुढे ठेवला जातो, शेजारच्या मुलीचा आकडा आपल्या मुलीपुढे ठेवला जातो, आणि त्या एका आकड्याने मुलाची सारी किंमत ठरून जाते. आकडा खोटा नसतो. पण एकटाच असतो. एकट्या आकड्यावर विसंबले म्हणजे काय चुकते हे दाखवावयास बास्केटबॉल ह्या खेळाच्या नोंदवहीसारखे दुसरे चांगले साधन मला तरी आढळले नाही. म्हणून आज त्या वहीची पाने वाचकांबरोबर उलटावयाची आहेत.

वरळीचा सामना

४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत वरळी येथील क्रीडागृहात अमेरिकेतील दोन व्यावसायिक संघ एकमेकांसमोर उभे राहिले. एक इंडियाना राज्याचा पेसर्स संघ आणि दुसरा कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोचा किंग्ज संघ. अमेरिकेच्या ‘एनबीए’ ह्या व्यावसायिक संघटनेतील संघ भारताच्या भूमीवर खेळण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. त्या दिवशी प्रेक्षक म्हणून सुमारे तीन हजार शाळकरी मुलांना बोलावले होते, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. नियमित वेळ संपली तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. जादा वेळ द्यावा लागला, आणि अखेर पेसर्स संघ १३२ विरुद्ध १३१ अशा एका गुणाने विजयी झाला. दुसऱ्याच दिवशी तेच संघ पुन्हा खेळले आणि पेसर्सनी १३० विरुद्ध १०६ असा सहज विजय मिळविला. संघ तेच, मैदान तेच. पण एका रात्रीत एका गुणाचे अंतर चोवीस गुणांचे झाले. केवळ पहिल्या दिवसाच्या आकड्यावरून दोन्ही संघ अगदी तुल्यबळ आहेत असा निर्वाळा कोणी दिला असता, तर दुसऱ्या दिवशी त्याला मान खाली घालावी लागली असती.

ह्या सामन्याशी एका मराठी नावाचाही संबंध आहे. किंग्ज संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले. शिक्षणासाठी अगदी तरुण वयात ते अमेरिकेस गेले, संगणकाच्या व्यवसायात नावारूपास आले आणि २०१३ साली त्यांनी हा संघ घेतला. त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट पुढे सांगावयाची आहे.

पहिल्या सामन्यात पेसर्स संघाच्या टी. जे. वॉरन ह्या खेळाडूने ३० गुण मिळविले आणि किंग्ज संघाच्या बडी हील्डने २८. वर्तमानपत्रांत हीच दोन नावे ठळक छापली जातात. आता आपण एक साधी वजाबाकी करू. १३२ मधून ३० वजा केले म्हणजे १०२ उरतात. ते १०२ गुण कोणी मिळविले? आणि वॉरनच्या हाती तो चेंडू कोणी आणून दिला? ह्या प्रश्नांची उत्तरे बातमीच्या मथळ्यात मिळत नाहीत. ती नोंदवहीच्या रकान्यांत शोधावी लागतात.

फळांची टोपली

ही वही समजण्यासाठी खेळाचे मूळ समजले पाहिजे. हा खेळ जन्मास आला तो २१ डिसेंबर १८९१ रोजी, अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी, वाय. एम. सी. ए. ह्या ख्रिस्ती युवक संस्थेच्या प्रशिक्षण विद्यालयात. त्याचे जनक जेम्स नेस्मिथ हे मूळचे कॅनडाचे. लहानपणीच आईबाप निवर्तलेले, पुढे धर्मशास्त्राचे शिक्षण घेतलेले. हिवाळ्यात बर्फामुळे बाहेर खेळता येत नाही, आणि व्यायामशाळेतील कवायतीला विद्यार्थी कंटाळलेले, अशा वेळी बंदिस्त जागेत खेळता येईल असा खेळ शोधून काढण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी विद्यालयाच्या शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, त्याने पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला दहा फूट उंचीवर ठोकल्या, आणि त्या टोपल्यांवरूनच खेळाला नाव पडले. आजही कडे दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटर उंचीवरच असते. संत्र्याच्या टोपल्या भरण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्या आपल्या भागातील लोकांना ह्या खेळाचे नाते परके वाटण्याचे कारण नाही. चेंडूचा आजचा नारिंगी रंग मात्र मागाहून आला. चेंडू प्रेक्षकांना व खेळाडूंना स्पष्ट दिसावा म्हणून इंडियानातीलच टोनी हिंकल ह्या प्रशिक्षकाने १९५०च्या दशकाच्या अखेरीस तो रंग रूढ केला. तोपर्यंत चेंडू तपकिरी असे.

पहिल्या सामन्यात दोन्ही बाजूंस नऊ नऊ खेळाडू होते आणि साऱ्या सामन्यात टोपलीत चेंडू पडला तो एकदाच. निकाल १ विरुद्ध ०. टोपलीला बूड असल्याने चेंडू काढण्यासाठी शिडीवर चढावे लागे. त्या दिवशी कोणी वही ठेवली असती तर ती एका ओळीत संपली असती. परंतु नेस्मिथ ह्यांच्या तेरा नियमांपैकी एक नियम आपल्या विषयाच्या मुळाशी जातो. चेंडू हाती घेऊन पळावयाचे नाही. जेथे तो झेलला तेथूनच दुसऱ्याकडे फेकावयाचा. म्हणजे ह्या खेळाची पहिली आज्ञाच अशी की, चेंडू स्वतःजवळ ठेवू नका, दुसऱ्यास द्या. पुढे नियम पुष्कळ बदलले, चेंडू जमिनीवर आपटत नेण्याची मुभा मिळाली; तरी ही मूळ वृत्ती खेळातून गेली नाही.

वहीचे रकाने

आता वही उघडू. डावीकडे खेळाडूंची नावे असतात आणि प्रत्येक नावापुढे अनेक रकाने.

पहिला रकाना मिनिटांचा. खेळाडू किती वेळ मैदानावर होता? ‘एनबीए’मध्ये बारा बारा मिनिटांचे चार भाग असतात, आपल्याकडील शाळांत व आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दहा दहा मिनिटांचे. चाळीस मिनिटे खेळून दहा गुण मिळविणारा आणि आठच मिनिटांत सहा गुण मिळविणारा, ह्यांची तुलना मिनिटे पाहिल्याशिवाय करता येणार नाही.

दुसरा रकाना नेमबाजीचा. येथे दोन आकडे जोडीने लिहितात: कडे साधले किती वेळा आणि प्रयत्न केले किती वेळा. बागाईतदारास हा हिशेब सांगावा लागत नाही. अमक्याच्या बागेतून किती क्रेट निघाले एवढेच तो विचारीत नाही. झाडे किती होती, झाडामागे फळ किती आले आणि खर्च किती झाला, हेही विचारतो. समजा, एका मुलाने वीस वेळा चेंडू फेकला आणि सहा वेळा साधला. त्याचे गुण बारा. दुसऱ्याने आठच वेळा फेकला आणि पाच वेळा साधला. त्याचे गुण दहा. टाळ्या पहिल्यासाठी वाजतील. पण पहिल्याचे चौदा प्रयत्न वाया गेले, आणि त्यांतील प्रत्येक वेळी चेंडू प्रतिपक्षाच्या हाती जाण्याची संधी निर्माण झाली. संघाला कोण अधिक उपयोगी पडला, ह्याचा निर्णय वाचकांनीच करावा.

दूरच्या रेषेबाहेरून साधलेल्या फेकीस तीन गुण मिळतात. हा नियम ‘एनबीए’ने १९७९ साली घेतला आणि १९८४ साली तो आंतरराष्ट्रीय खेळात आला. दहा वेळा जवळून फेकून पाच साधल्या तर दहा गुण होतात. दहा वेळा दुरून फेकून चारच साधल्या तर बारा. अलीकडचे संघ एवढ्या दुरून का फेकतात ह्याचे रहस्य ह्या चौथीतल्या गणितात आहे.

त्यानंतर मोकळ्या फेकी. प्रतिपक्षाने नियमभंग केला म्हणजे आखलेल्या रेषेवरून, कोणाचाही अडथळा नसताना, कड्यात चेंडू टाकण्याची संधी मिळते. प्रत्येक फेकीस एक गुण.

मग ‘रिबाउंड’, म्हणजे फेक हुकल्यावर कड्यावरून उसळलेला चेंडू ताब्यात घेणे. मग ‘असिस्ट’, म्हणजे ज्या हाताने दिलेल्या चेंडूवर लगेच सोबत्याने कडे साधले त्या हाताचे श्रेय. मग चेंडू हिरावून घेणे, फेक हवेतच अडविणे, चेंडू निष्काळजीपणे गमावणे, आणि अखेरीस नियमभंग, म्हणजे ‘फाउल’. आंतरराष्ट्रीय खेळात पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर जातो, ‘एनबीए’मध्ये सहा. ध्यानात घ्यावे की ही वही केवळ कमाई लिहीत नाही. गमावलेला चेंडू आणि मोडलेला नियम ह्यांनाही तिच्यात तेवढीच जागा आहे.

चोवीस सेकंदांची गोष्ट

आकडे केवळ झालेल्या गोष्टींची नोंद करतात असे नाही. कधी कधी ते खेळच बदलून टाकतात. २२ नोव्हेंबर १९५० रोजी अमेरिकेत फोर्ट वेन आणि मिनियापोलिस ह्या संघांमधील सामना १९ विरुद्ध १८ असा संपला. बलवान संघापुढे टिकाव लागणार नाही हे जाणून फोर्ट वेनच्या खेळाडूंनी चेंडू नुसता हातांत धरून वेळ काढला. नियमांत त्याला मनाई नव्हती. प्रेक्षक मात्र विटले. पुढे १९५४ साली सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन ह्यांनी जुन्या वह्या काढल्या आणि चांगल्या, रंगलेल्या सामन्यांत दोन्ही संघ मिळून किती वेळा चेंडू फेकतात ते पाहिले. उत्तर आले सुमारे १२०. सामन्याची अठ्ठेचाळीस मिनिटे म्हणजे २,८८० सेकंद. त्यांस १२०ने भागले तर २४ येतात. नियम झाला: चेंडू हाती आल्यापासून चोवीस सेकंदांच्या आत कड्याकडे फेकलाच पाहिजे. हाच नियम आज जगभर, आपल्या राष्ट्रीय स्पर्धांतही, चालतो. एका मनुष्याने जुन्या वह्या लक्षपूर्वक वाचल्या म्हणून एक मरगळलेला खेळ पुन्हा उभा राहिला.

शंभर गुणांची रात्र

ह्या खेळातील सर्वांत प्रसिद्ध आकडा २ मार्च १९६२ रोजी लिहिला गेला. पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्शी ह्या लहान गावी फिलाडेल्फिया वॉरियर्स संघाच्या विल्ट चेंबरलेन ह्या सात फुटांहून उंच खेळाडूने न्यूयॉर्क निक्स संघाविरुद्ध एकट्याने १०० गुण केले. हा विक्रम आजवर मोडला गेलेला नाही. त्या सामन्याची चित्रफीत उपलब्ध नाही; आहे ती मुख्यतः नोंदकर्त्याची वही. संघाचे नोंदकर्ते हार्वी पोलॅक ह्यांनी एका कागदावर हाताने १०० हा आकडा लिहून चेंबरलेनच्या हाती दिला आणि ते छायाचित्र जगभर गेले. हिशेब पडताळून पाहा: ६३ प्रयत्नांत ३६ फेकी साधल्या, त्यांचे ७२ गुण, ३२ मोकळ्या फेकींपैकी २८ साधल्या, त्यांचे २८. एकूण शंभर.

आता त्याच पानावरील शेजारच्या ओळी वाचू. संघाचे एकूण गुण १६९. म्हणजे ६९ गुण इतरांचे. गाय रॉजर्स नावाच्या खेळाडूने स्वतः ११ गुण केले, पण त्याच्या ‘असिस्ट’च्या रकान्यात २० हा आकडा आहे. वीस वेळा त्याने चेंडू अशा रीतीने दिला की घेणाऱ्याने कडे साधले. रॉजर्स नसता तर शंभराचा आकडा लिहिला गेला असता काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

त्याच्याही खाली अल् अ‍ॅटल्स हे नाव आहे. त्याने आठ वेळा चेंडू फेकला आणि आठही वेळा साधला. एक मोकळी फेक मिळाली, तीही साधली. सतरा गुण, आणि सबंध सामन्यात एकही फेक वाया नाही. खेळाडूच्या आयुष्यात अशी रात्र क्वचितच उगवते. ती नेमकी त्याच रात्री उगवली ज्या रात्री सोबत्याने शंभर गुण केले, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. अ‍ॅटल्सने त्याचे वैषम्य मानले नाही. तो त्याच संघात राहिला, पुढे त्याचा प्रशिक्षक झाला, आणि १९७५ साली त्याच्या मार्गदर्शनाखाली त्या संघाने अजिंक्यपद मिळविले. वाचकहो, आपल्या घरांत असा एखादा अ‍ॅटल्स आहे काय? थोरल्या भावाच्या कौतुकाच्या गोंगाटात ज्याचे निर्दोष काम कोणी वाचलेच नाही असा?

त्या रात्रीच्या २८ मोकळ्या फेकींमागेही एक कथा आहे. चेंबरलेन मोकळ्या फेकींत एरवी कच्चा होता. त्या हंगामात त्याने दोन्ही हातांनी, गुडघ्यांजवळून वर झोका देऊन चेंडू टाकण्याची पद्धत धरली होती आणि त्याचे प्रमाण शंभरात एकसष्टांपर्यंत चढले होते. पुढे त्याने ती पद्धत सोडली. तशी फेक बायकी दिसते, लोक हसतात, ही लाज त्यामागे होती, असे त्यानेच नंतर आपल्या आत्मचरित्रात लिहिले. १९६७-६८च्या हंगामात त्याचे प्रमाण शंभरात अडतीसवर घसरले. उलट, रिक बॅरी ह्या खेळाडूने लोकांच्या हसण्याची पर्वा न करता तीच पद्धत आयुष्यभर चालविली आणि शंभरात सुमारे एकोणनव्वद फेकी साधल्या. वही समोर होती, आकडे स्पष्ट बोलत होते, आणि तरी जगातील सर्वांत बलवान खेळाडू लोकलज्जेपुढे हरला. सुपीक जमीन सोडून केवळ चार लोक काय म्हणतील म्हणून कर्जाने लग्नाचा थाट करणारा आपला एखादा बांधव ह्याहून फारसा निराळा नाही.

ज्यांचा आकडा नाही त्यांचे काय?

इतके रकाने असूनही वही अपुरी पडते हे जाणत्यांच्या ध्यानात आले. शेन बॅटियर नावाचा ह्यूस्टन संघाचा खेळाडू होता. त्याचे गुण थोडे, रिबाउंड थोडे, असिस्टही थोडे. परंतु तो मैदानावर असला म्हणजे त्याचा संघ हटकून चांगला खेळे. २००९ साली मायकेल लुईस ह्या लेखकाने त्याच्यावर एक दीर्घ लेख लिहिला तेव्हा कारण लोकांसमोर आले. प्रतिपक्षाच्या सर्वांत धोकादायक खेळाडूवर पहारा देण्याचे काम त्याच्याकडे असे. तो चेंडू हिरावण्याची धडपड करीत नसे. ज्या जागेवरून त्या खेळाडूची नेमबाजी कच्ची आहे तिकडे त्याला ढकलीत नेई आणि फेकताना त्याच्या डोळ्यांसमोर हात धरी. चुकलेली फेक फेकणाऱ्याच्या खात्यावर जाई. चुकविणाऱ्याच्या नावे काहीच लिहिले जात नसे.

अशा माणसाचे मोल काढण्यासाठी आणखी एक रकाना वापरतात. त्याला ‘अधिक-उणे’ म्हणू. एखादी मुलगी मैदानावर असताना तिच्या संघाने १४ गुण केले आणि प्रतिपक्षाने ९, तर तिच्यापुढे अधिक ५ लिहावयाचे, मग तिने स्वतः एकही गुण केलेला नसो. एका सामन्यात हा आकडा फसवू शकतो. पुष्कळ सामन्यांत तो सहसा फसवीत नाही. आपल्या घरांच्या हिशेबात हा रकाना कोठे आहे? संत्र्याचे किती पैसे आले ते लिहिले जाते. पहाटे उठून भाकरी बांधून देणारी, आंबिया बहाराच्या वेळी पाण्याची पाळी सांभाळणारी, म्हाताऱ्या सासऱ्याला वेळेवर औषध देणारी जी गृहिणी, तिचे नाव त्या वहीत कोठेच नसते. ती चार दिवस माहेरी गेली म्हणजे मात्र घराचे ‘अधिक’ कसे ‘उणे’ होते ते सर्वांना कळते.

नव्वदी ओलांडलेली नोंदकर्ती

आकडे प्रेमाने वाचता येतात ह्याचे एक उदाहरण आपल्या वाचकांना विशेष आवडेल. शिकागो येथील लोयोला विद्यापीठात सिस्टर जीन ह्या धर्मभगिनी विद्यार्थ्यांच्या बास्केटबॉल संघाच्या आध्यात्मिक मार्गदर्शक होत्या. १९१९ साली जन्मलेल्या सिस्टर जीन शाळेत असताना स्वतः हा खेळ खेळल्या होत्या. १९९४ पासून त्या संघाबरोबर होत्या. सामन्यापूर्वी त्या खेळाडूंबरोबर प्रार्थना करीत, आणि त्यासोबतच प्रतिपक्षाचे आकडे अभ्यासून कोणावर नजर ठेवावी, कोण रिबाउंड घेण्यात पटाईत आहे, हेही सांगत. सामना झाल्यावर त्या खेळाडूंना पत्र पाठवीत: काय चांगले झाले, काय सुधारले पाहिजे. २०१८ साली हा फारसा नावाजलेला नसलेला संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चौघांत पोहोचला तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या आणि चाकांच्या खुर्चीत बसून मैदानाच्या कडेला हजर होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये वयाच्या १०६व्या वर्षी त्या प्रभूकडे गेल्या. आकडा आणि ममता ह्यांत त्यांना विरोध दिसला नाही. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याचे काम आपण बारकाईने पाहतो, एवढेच त्यांच्या वहीचे सूत्र होते.

रणदिवे ह्यांची राहिलेली गोष्ट ह्याच प्रकारची आहे. संघाचे मालक होण्यापूर्वी ते आपल्या बारा वर्षांच्या मुलीच्या संघाचे प्रशिक्षक होते. त्या मुली उंच नव्हत्या, नेमबाजीत फार तयार नव्हत्या. रणदिवे ह्यांनी खेळाकडे नवख्याच्या नजरेने पाहिले. मैदानाची लांबी ९४ फूट. आणि प्रत्येक संघ शेवटच्या २४ फुटांचेच रक्षण करतो. उरलेले ७० फूट प्रतिपक्षाला फुकट का द्यावयाचे? त्यांनी मुलींना सबंध मैदानभर पहारा देण्यास शिकविले. मुली धावल्या, प्रतिपक्षाला चेंडू आत घेणेच जड करून टाकले, आणि राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचल्या. तेथे पंच एकामागून एक फाउल देऊ लागले तेव्हा तो डाव सोडावा लागला आणि त्या हरल्या. माल्कम ग्लॅडवेल ह्या लेखकाने ह्या मुलींची तुलना दावीद आणि गल्याथ ह्यांच्याशी केली आहे. दावीदाजवळ चिलखत नव्हते. पण आपल्याजवळ काय आहे ते त्याने नीट मोजले होते.

आपण काय मोजतो?

आता आपल्या अंगणात येऊ. ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तालुका त्यात आला. दूरदूरच्या वर्तमानपत्रांत ह्या जिल्ह्याचे नाव दर वर्षी एकदा ठळक छापून येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन तीरांवर पांढुर्णा आणि सावरगाव असे दोन पक्ष उभे राहतात, नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड व त्यावर झेंडा असतो, आणि गोटमार सुरू होते. शेजाऱ्यांच्या ह्या जुन्या परंपरेमागील श्रद्धेविषयी मला काही म्हणावयाचे नाही. परंतु त्या दिवसाची जी नोंद दुसऱ्या दिवशी छापून येते तिच्यात रकाना एकच असतो: जखमी किती. तो आकडा बहुधा शेकड्यांत असतो, आणि गेल्या अनेक वर्षांत काही घरांनी आपली मुलेही त्यात गमावली आहेत. दगडांच्या जागी रबरी चेंडू देऊन पाहण्याचा प्रयत्न प्रशासनाने केला. तो रुजला नाही. चपळाई, नेम, धाडस आणि आपल्या गावाचा अभिमान, हे सारे गुण त्या तरुणांत आहेत हे कोण नाकारील? उणीव आहे ती अशा मैदानाची, जेथे ह्याच गुणांची नोंद रक्ताखेरीज दुसऱ्या रकान्यात होईल.

असे मैदान फार खर्चाचे नसते. पूर्ण मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद लागते. अर्ध्यावरही खेळता येते. ३.०५ मीटर उंचीवर ४५ सेंटीमीटर व्यासाचे लोखंडी कडे गावातील लोहार करून देईल. मोकळ्या फेकीची रेषा फळीपासून ४.६० मीटरवर आणि तीन गुणांची कड्याच्या मध्यापासून ६.७५ मीटरवर आखावी. मुंबईच्या नागपाडा ह्या दाट वस्तीच्या, साध्या लोकांच्या मोहल्ल्यातील मैदानांनी अब्बास मुंतसिर ह्यांच्यासारखा भारताचा कर्णधार दिला. त्यांना १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. पुण्याच्या शिरीन लिमये ह्यांनी भारताच्या महिला संघाचे नेतृत्व केले आहे. मुलीने मैदानावर कशास जावे, असे विचारणाऱ्या वडिलांनी हे नाव ध्यानी ठेवावे.

आणि मैदानाबरोबर एक वही असावी. साधी, आखीव, दुकानात मिळते तीच. जो मुलगा किंवा मुलगी त्या दिवशी खेळत नसेल त्याने ती लिहावी. त्यामुळे बाहेर बसलेलेही संघात राहतात आणि त्यांचे गणितही सुधारते. नाव, मिनिटे, प्रयत्न व साध्य फेकी, मोकळ्या फेकी, रिबाउंड, असिस्ट, गमावलेले चेंडू, फाउल आणि अधिक-उणे, असे रकाने आखावे. महिनाभराने वही उघडली म्हणजे कोण आपल्या हातचा चेंडू सोडीत नाही आणि कोण मुकाट्याने सर्वांना पुरवीत आहे ते आपोआप दिसेल. कबड्डी आणि खो-खो खेळणाऱ्यांनीही आपापल्या खेळाची अशी वही ठेवावी.

शेवटी घरातील वडीलधाऱ्यांना एक विनंती. मूल खेळून घरी आले म्हणजे ‘किती गुण केलेस?’ हा प्रश्न आपल्या तोंडी सहज येतो. तो विचारण्यात गैर काही नाही. परंतु त्याच्या मागोमाग दुसराही प्रश्न विचारावा: ‘आज चेंडू कोणाकोणाला दिलास?’ आणि निकालाच्या दिवशी गुणपत्रिका हाती घेताना, त्या मुलाने वर्षभर धाकट्या बहिणीला शाळेत पोहोचविले, आजीचे पाणी भरले, मागे पडलेल्या सोबत्याला गणित समजावले, हे रकाने त्या कागदावर छापलेले नाहीत एवढे स्मरावे. ते भरण्याचे काम शाळेचे नाही. ते आईबापांचे आहे.